साखर वाढली म्हणून भाकरी अर्धी करू नका

पत्राचा गोषवारा: नाशिकच्या सिडकोत राहणारी, अंबडच्या एका कंपनीत अकाउंट्सला काम करणारी २८ वर्षांची वाचक. पहिलंच गरोदरपण, सत्ताविसावा आठवडा. सुरुवातीच्या तपासणीत साखर ठीक होती, पण चोविसाव्या आठवड्यात ग्लुकोजचं पाणी पिऊन केलेल्या तपासणीत ती १५८ आली. डॉक्टरांनी आहार सांभाळायला सांगून दोन आठवड्यांनी बोलावलं होतं. भीतीपोटी ती भेट राहून गेली. तेव्हापासून सकाळी चहा-बिस्किटं, दुपारी अर्धी भाकरी नि भाजी, रात्री साडेसातला सूप, एवढंच चालू आहे. भात, दूध, फळं बंद. तीन आठवड्यांत वजन किलोभर उतरलं, तरी घरच्या ग्लुकोमीटरवर सकाळची उपाशीपोटीची साखर ९८ येते. माहेरी दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे. रोज द्राक्षं खाल्ली म्हणूनच हे झालं, असं तिला वाटतं. सासूबाईंना साखरेचं सांगितलेलं नाही. त्या 'दोन जिवांची आहेस' म्हणत डिंकाचे लाडू पुढे करतात. पंधरा दिवसांवर डोहाळजेवण आहे. इन्सुलिन सुरू झालं तर जन्मभर घ्यावं लागेल का, बाळाला काही इजा झाली असेल का आणि घरी हे सांगायचं कसं, असे तिचे प्रश्न आहेत.

ताई, राहिलेली भेट याच आठवड्यात घ्या. बाकीचं सगळं त्यानंतर. पत्रातली मला खरी काळजी वाटणारी गोष्ट तुमची १५८ साखर नाही, उतरलेलं किलोभर वजन आहे. या महिन्यांत वजन आठवड्याला साधारण ४०० ग्रॅमने वाढायला हवं. म्हणजे तीन आठवड्यांत जिथे सव्वा किलोच्या आसपास भर पडायची, तिथे एक किलो गेलं.

द्राक्षांचं आधी मिटवून टाकते. गरोदरपणातला मधुमेह द्राक्षांनी होत नाही, पेढ्यांनीही होत नाही. वार (प्लासेंटा) बाळाला पोसते तशी काही संप्रेरकंही तयार करते, आणि त्यांच्यामुळे आईच्या शरीरावर इन्सुलिनचा असर कमी होतो. हेतू चांगलाच असतो, रक्तातली साखर बाळाला मिळत राहावी हा. बहुतेक बायकांचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवून हे भरून काढतं. काहींचं कमी पडतं. वार वाढते तसा हा जोर वाढतो. म्हणूनच सुरुवातीला तपासणी नॉर्मल आली तरी २४ ते २८ आठवड्यांत ती पुन्हा करतात: ७५ ग्रॅम ग्लुकोज, दोन तासांनी रक्त, १४० किंवा त्याहून जास्त आली की निदान पक्कं. आईवडिलांपैकी कुणाला मधुमेह असणं, आधीचं वजन, पीसीओएस (पाळी अनियमित करणारा अंडाशयांचा विकार), वय यांनी शक्यता वाढते. तुम्ही काय खाल्लंत यावर साखर आज किती चढते हे ठरतं. स्वादुपिंड कमी का पडलं, हे त्यावर ठरलेलं नाही. हा फरक मनाशी पक्का करा, कारण अपराधी वाटलं की माणूस स्वतःला शिक्षा करतो, आणि तुम्ही ती जेवणावर काढली आहे.

बाळाबद्दल. अवयव घडतात ते पहिल्या तीन महिन्यांत, आणि त्या वेळी तुमची साखर ठीक होती. आता प्रश्न वाढीचा आहे. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, इन्सुलिन जात नाही. जास्तीची साखर आली की बाळ स्वतःचं इन्सुलिन वाढवतं, अंगावर चरबी धरतं, पोटाचा घेर वाढतो आणि बाळंतपण अवघड होऊ शकतं. जन्मल्यावर नाळ तुटली की साखरेचा पुरवठा थांबतो, पण बाळाचं इन्सुलिन अजून जोरात असतं, त्यामुळे त्याची साखर एकदम उतरू शकते. म्हणून अशा बाळाला तासाभरात पाजतात आणि टाचेतून थेंबभर रक्त घेऊन साखर पाहतात. हे सगळं डॉक्टरांना ठाऊक असतं, त्याची तयारी असते. २८ ते ३० आठवड्यांत वाढीची सोनोग्राफी होते, तिथे बाळाच्या पोटाचा घेर मोजतात. तुम्ही अगदी वेळेवर आहात.

आता त्या अर्ध्या भाकरीकडे येऊ.

कमी खाल्लं की साखर कमी, असा हिशेब तुम्ही मांडलात. गरोदरपणात तो चुकतो, आणि सकाळचे ९८ (हवेत ९५ च्या आत) तेच सांगतात. रात्री साडेसातला सूप, त्यानंतर सकाळी आठपर्यंत काही नाही. साडेबारा तास पोट रिकामं. त्या वेळात यकृत स्वतःकडची साखर रक्तात सोडतं, पहाटेची संप्रेरकं त्याला हातभार लावतात, आणि इन्सुलिन आधीच कमी पडतंय. भरीला चरबी जळून कीटोन नावाची द्रव्यं तयार होतात. ती बाळाकडे जातात, आणि ती आपल्याला नको आहेत. सकाळी चहा-बिस्किटं म्हणजे मैदा आणि साखर, तेही दिवसातल्या सगळ्यात नाजूक वेळी, कारण इन्सुलिनला शरीर सकाळी सगळ्यात कमी दाद देतं. थोडक्यात, तुम्ही उपाशी राहताय आणि साखर मात्र चढतेच आहे. 'शुगर-फ्री' लिहिलेल्या बिस्किटांनी यात फरक पडत नाही. मैदा तोच असतो.

दिवसाला किमान १७५ ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. हे ताटात कसं दिसतं ते सांगते. ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या मध्यम भाकरीत साधारण ३५ ग्रॅम, एका फुलक्यात १५ ते २०, वाटीभर शिजलेल्या भातात ३०, कपभर दुधात १०. तुमच्या सध्याच्या खाण्यात त्याच्या निम्मंही भरत नाही. घरची भाकरी केवढी असते हे एकदा पीठ काट्यावर ठेवून बघा. सासूबाईंची भाकरी ८० ग्रॅमची असेल, तर ती एक म्हणजे जवळपास दीड झाली. हे एकदाच करायचं, रोज काटा घेऊन बसायची गरज नाही.

म्हणजे खाणं कमी करायचं नाही, ते दिवसभर वाटून घ्यायचं. तीन जेवणं, मध्ये तीन छोटी खाणी, आणि कुठलंही कर्बोदक एकटं पोटात जाऊ द्यायचं नाही. सोबत डाळ, उसळ, दही, दाणे, पनीर, चालत असेल तर अंडं. प्रथिनांचीही या काळात खरोखर गरज असते: शेवटच्या तीन महिन्यांत नेहमीपेक्षा रोज २२ ग्रॅमच्या आसपास जास्त. ती सूपातून येत नाहीत.

नाश्त्याला माझं पहिलं मत मुगाच्या धिरड्यांना. रात्री वाटीभर हिरवे मूग भिजत घालायचे, सकाळी आलं, मिरची, जिरं, कोथिंबीर घालून जाडसर वाटायचे. पाणी बेताचं, पीठ पळीवरून सरकेल पण धारेने ओघळणार नाही इतपत. आंबवायचं नाही, रवा किंवा तांदळाचं पीठ मिसळायचं नाही (कुरकुरीत व्हावं म्हणून बायका घालतात, आणि तिथेच साखर चढते). तवा मध्यम आचेवर, चमचाभर तेल, वरून कांदा-कोबी दाबून बसवायचा, झाकण ठेवून दोन्ही बाजू शिजवायच्या. वाटीभर मुगाची चार होतात. दोन तुम्हाला, अर्ध्या वाटी दह्याबरोबर. पोहेच हवे असले तर पोहे वाटीभर आणि त्यात वाटीभर शिजवलेली मटकी, वर मूठभर दाणे. नाचणीचं सत्त्व मात्र नको, कुणी कितीही आग्रह केला तरी. नाचणीत कॅल्शियम भरपूर असतं, १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात. पण पातळ पेजेतलं बारीक पीठ झरझर पचतं आणि साखर उडी मारते. तीच नाचणी भाकरीतून खा.

साडेदहाला कंपनीत पेरू किंवा मूठभर फुटाणे. दुपारचा डबा घरून न्या. कँटीनमध्ये भाताचा ढीग असतो आणि वरण पाण्यासारखं, त्यात तुमचं गणित बसायचं नाही. मध्यम आकाराची दीड भाकरी किंवा तीन फुलके, वाटीभर सुकी उसळ, पालेभाजी, काकडी-टोमॅटो, ताक. आधी काकडी आणि उसळ, मग भाकरी, भात असेल तर शेवटी आणि अर्धी वाटी. या क्रमाने खाल्लं की जेवणानंतरची साखर कमी चढते. तुमच्या पत्रात दुपारी एकनंतर थेट साडेसातचा उल्लेख आहे. हा साडेसहा तासांचा खड्डा भरा: चारला एक फळ आणि मूठभर शेंगदाणे, कंपनीची बस घरी सोडते त्या वेळी शिजवलेल्या मटकीची भेळ, त्यात फरसाण न घालता. रात्री साडेआठला पुरेसं जेवण, साडेदहाला कपभर बिनसाखरेचं दूध आणि चार-पाच बदाम. झोपतानाच्या या खाण्याने काहींची सकाळची साखर खाली येते. दूध घेऊन लगेच आडवं होऊ नका, अर्धा-पाऊण तास बसा, नाहीतर छातीत जळजळेल. मग डाव्या कुशीवर.

मिसळीचं विचारलं नाहीत, पण नाशिकमध्ये राहून मनात येणारच. उसळ चांगलीच आहे. बिघडवतात ते पाव, फरसाण आणि तर्री. घरी करा: दोन वाट्या मटकीची उसळ, तर्री चमचाभर, एकच पाव किंवा त्याऐवजी अर्धी भाकरी. मोड आलेलं कडधान्य कच्चं खाऊ नका. मोड आणताना त्यात जंतूही वाढतात, ते शिजल्याशिवाय मरत नाहीत.

आणि द्राक्षं? खा. बारा ते पंधरा मणी, दुपारी चारला, दाण्यांबरोबर. पाटीजवळ बसून येता-जाता नाही, रस काढून नाही, सकाळी उपाशीपोटी तर अजिबात नाही. घड तोडून मणी सुटे करा आणि वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. देठाच्या खोबणीत फवारणीचा अंश राहतो. ऊन वाढलं की रसवंतीपाशी पाय थबकतात. ग्लासभर उसाच्या रसात ३० ग्रॅमच्या वर साखर असते, तो या वर्षी सोडाच. गुळालाही सूट नाही. रक्ताला गूळ आणि साखर यांतला भेद कळत नाही.

ग्लुकोमीटर घरात आणलात हे उत्तम केलंत, पण फक्त सकाळी बघताय. सकाळी उपाशीपोटी एकदा, आणि तिन्ही जेवणांनंतर दोन तासांनी एकेकदा, अशा चार नोंदी डॉक्टर सांगतील तितक्या दिवस ठेवा. दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, शेवटच्या नाही. सकाळी ९५ च्या आत, दोन तासांनी १२० च्या आत, हे लक्ष्य. एक चूक फार जणींची होते: द्राक्षं किंवा संत्रं हाताळून त्याच बोटाला टोचतात. बोटावरचा रस थेंबात मिसळतो आणि आकडा खोटाच फुगतो. साबणाने हात धुवा, पूर्ण कोरडे करा, बोटाच्या टोकाला नाही तर कडेला टोचा (टोकाला दुखतं जास्त), पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून दुसरा पट्टीला लावा. पट्ट्यांची डबी लगेच बंद करा, ओल लागली की आकडे भरकटतात. वहीत आकड्याशेजारी काय खाल्लं ते लिहा. आठ दिवसांत तुमचं तुम्हालाच दिसेल, इडलीने किती चढते आणि धिरड्याने किती.

डॉक्टरांनी मनाई केली नसेल (रक्तस्राव, वार खाली असणं, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातलेला असणं अशी कारणं असतात), तर जेवणानंतर पंधरा मिनिटं चाला. जिन्यात नाही, सपाट जागी. सोसायटीचं पार्किंग पुरतं.

लोहाच्या गोळीचं पत्रात काहीच नाही, म्हणून विचारते: चहाबरोबर घेत नाही ना? चहाने लोह नीट शोषलं जात नाही. गोळी आणि चहात तासा-दोन तासांचं अंतर ठेवा, लिंबूपाण्याबरोबर घ्या, आणि कॅल्शियमची गोळी त्याच वेळी कधीच नाही, किमान दोन तास मागे-पुढे. शौचाचा रंग काळा होतो, घाबरू नका. बद्धकोष्ठ झालं तर स्वतःहून गोळी बंद न करता डॉक्टरांना सांगा, प्रकार बदलून मिळतो. कच्चे तांदूळ, खडू, माती खावीशी वाटत असेल तर तेही सांगा. असे डोहाळे अनेकदा लोह कमी असल्याची खूण असतात.

इन्सुलिनबद्दल मोकळेपणाने सांगते. दोन आठवडे नीट, पुरेसं खाऊन आणि चालूनही जेवणानंतरची साखर १२० च्या वर राहिली, तर औषध लागतं. सकाळचा आकडा हट्टाने ९५ च्या वर राहिला तरीही, कारण तो जेवणाच्या ताब्यात फारसा नसतो. अशा वेळी आणखी कमी खाऊन तो पाडायचा प्रयत्न करू नका. इन्सुलिन वारेपलीकडे बाळाकडे जात नाही, सुई बारीक आणि आखूड असते, पोटाच्या कातडीखाली घेतली तरी बाळापर्यंत पोचत नाही. वार पडली की ती संप्रेरकं जातात, आणि बहुतेकींचं इन्सुलिन बाळंतपणानंतर बंदच होतं. सुरू झालं तर एवढं घरात सगळ्यांना माहीत हवं: हातपाय कापले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर साखर बघा, ७० च्या खाली असेल तर तीन चमचे ग्लुकोज पाण्यात ढवळून लगेच प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा, मग काहीतरी खा. कारल्याचा रस, मेथीदाण्याची भुकटी, कुणी सांगितलेले काढे, हे काहीही गोळी-इंजेक्शनच्या जागी नको. मेथीची भाजी खुशाल खा.

घरी सांगण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: सांगा, आणि पुढच्या तपासणीला सासूबाईंना बरोबर न्या. तुम्ही स्वयंपाकघरात उभं राहून 'मला साखर निघालीय' म्हणालात, तर त्यांना ते लाडवाला दिलेल्या नकारासारखं ऐकू येईल. डॉक्टरांच्या समोर बसून ऐकलं की ते घरातल्या सगळ्यांचं काम होतं. 'दोन जिवांची' या म्हणण्यात चूक फक्त मापाची आहे. शेवटच्या सहा महिन्यांत दिवसाला साडेतीनशे कॅलरी जास्त लागतात. एक भाकरी, वाटीभर उसळ नि ताक एवढ्यात त्या भरतात. दुसरं ताट नाही, पण अर्धी भाकरीही नाही. या बाबतीत त्या तुमच्यापेक्षा बरोबर आहेत, आणि हे त्यांना सांगितलंत तर ऐकतीलही. त्यांच्या हाताला काम द्या: मूग त्यांनी भिजत घालावेत, साडेदहाच्या डबीत दाणे त्यांनी भरावेत. डिंकाचे लाडू मुळात बाळंतिणीचे. तेव्हाही साखर बघूनच, पण आता त्यांच्याऐवजी तिळाची, जवसाची, कारळ्याची चटणी कुटून मागा.

डोहाळजेवण आनंदाने करा. दुपारचं ठेवा, रात्रीचं नको. 'आज गोड खायचंय' म्हणून सकाळपासून उपाशी राहू नका. धिरडी खाऊनच तयार व्हा. ओटी भरताना प्रत्येक जण घास भरवतो आणि तिथे गणित सुटतं, तेव्हा आईला आधीच सांगून ठेवा की भरवायच्या ताटात खमंग काकडी, कोथिंबीर वडी, पनीर, दाण्यांची उसळ असेल आणि गोड एकच. तो एक पदार्थ जेवणाच्या शेवटी, दोन घास, मनापासून. मग झोपाळ्यावर फोटो, मग पंधरा मिनिटं चालणं. दोन तासांनी आकडा १४० आला तर वहीत 'डोहाळजेवण' लिहा आणि रात्री नेहमीसारखं जेवा. एका दिवसाच्या आकड्याने काही बिघडत नाही. त्याची भरपाई म्हणून रात्री उपाशी झोपण्याने बिघडतं.

काही गोष्टींसाठी मात्र पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. बाळाची हालचाल रोजच्यापेक्षा कमी वाटली, डोकं ठणकून नजर धूसर झाली, चेहरा-हात एकाएकी सुजले, पाणी गेलं किंवा रक्त दिसलं, तर त्याच दिवशी, त्याच तासाला निघा. गरोदर मातांसाठी १०२ आणि तातडीसाठी १०८ हे दोन्ही नंबर यजमानांच्या आणि सासूबाईंच्या फोनमध्ये आजच घाला. खाजगी तपासण्यांचा खर्च झेपत नसलेल्या वाचक भगिनींसाठी: सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांची मोफत तपासणी असते, चौथ्या महिन्यापासून पुढे जाता येतं.

तुम्ही लिहिलं आहे की रात्री यजमान झोपल्यावर रडू येतं. पहिलं गरोदरपण, पोटभर अन्न नाही, आणि गुपित एकटीच्या उरावर, रडू येणारच. आठ दिवस नीट जेवा, घरात सांगा. तरीही पंधरा दिवस मन उदास राहिलं, झोप लागेना, कशात रस वाटेना, तर डॉक्टरांना आकड्यांच्या वहीबरोबर हेही सांगा. त्यावर उपचार आहेत, आणि गरोदरपणात घेता येतील असे आहेत.

एक तारीख आत्ताच लिहून ठेवा. बाळाची दीड महिन्याची लस असते, त्याच सुमारास तुमची ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी पुन्हा करायची असते. बहुतेकींची साखर तोवर ठीक होते, म्हणून बाळाच्या गडबडीत ही तपासणी हमखास राहते. पण गरोदरपणात एकदा साखर चढलेल्या बाईला पुढे मधुमेह होण्याची शक्यता जास्त असते, त्यामुळे ही तपासणी आणि नंतर दर वर्षी एक, टाळू नका. बाळाचं लसीकरणाचं कार्ड हातात आलं की दीड महिन्याच्या रकान्याशेजारी पेनने लिहा: 'आईची साखर'.